एखाद्या व्हिडिओ गेमच्या साउंडट्रॅकने तुमची घोर निराशा केली आहे का?

हो, ‘डूम इटर्नल’ने. आणि गंमत म्हणजे गेम खेळताना ह्याच संगीताने मला वेड लावलं होतं.

गेम आला २० मार्च २०२० ला. आपल्याकडे लगेच लॉकडाउन लागला, त्यामुळे खेळायला वेळच वेळ. संगीतकार मिक गॉर्डन. आधीच्या २०१६ च्या ‘डूम’चं संगीतही त्याचंच, त्याला द गेम अवॉर्ड्समध्ये पुरस्कार मिळाला होता. ह्या वेळी तर त्याने हेवी मेटल गाणाऱ्यांचा अख्खा कोरस जमवून रेकॉर्ड केला होता. त्यामुळे अपेक्षा आभाळाला टेकलेल्या. महिन्याभराने कलेक्टर्स एडिशनवाल्यांना, म्हणजे गेमची खास आवृत्ती घेणाऱ्यांना, अल्बम मिळाला, त्यातल्या एका मित्राकडे मी तो ऐकला. ५९ ट्रॅक! तिसऱ्या-चौथ्यालाच कान किटले.

आधी वाटलं, हेडफोनच गेला. मग फाइल ऑडेसिटीत, म्हणजे आवाज संपादित करायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. चांगल्या रेकॉर्डिंगची लहर डोंगररांगेसारखी दिसते, मध्ये दऱ्या असतात. इथे सलग जाड पट्टा, वरून खालून रंध्याने तासल्यासारखा. म्हणजे हळू आवाज वर ओढलेले, मोठे दाबलेले, सगळं एकाच पातळीवर. ढोलपथकात आधी ताशा एकटा कडकडतो आणि मग पन्नास ढोल एकदम पडतात, तेव्हा छातीत धस्स होतं ना? आता कल्पना करा, ताशाही ढोलाइतकाच मोठा आणि मधली शांतताही तेवढीच मोठी. राहतो तो नुसता गोंगाट.

त्याहून वाईट म्हणजे जोडकाम. अशा गेमचं संगीत सलग गाणं म्हणून वाजत नाही. तुकडे असतात: भटकतानाचे, चकमकीचे, ऐन हाणामारीचे. तुम्ही कसे लढताय ते बघून गेम ते त्या क्षणी जोडत जातो. अल्बम करायचा तर कुणीतरी बसून ते हाताने शिवायला हवेत. इथे काही ट्रॅकमध्ये शिवण उघडी दिसते. मान डोलवत तुम्ही समेची वाट बघताय आणि मात्रा पुरी व्हायच्या आतच पुढचा तुकडा आदळतो. तालात वाढलेल्या माणसाला हे चुकलेल्या पायरीसारखं लागतं.

लोकांनी लहरींची चित्रं टाकून आरडाओरडा केला, तेव्हा गॉर्डनने सांगितलं की बहुतेक ट्रॅक त्याने मिक्स केलेलेच नाहीत, म्हणजे वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवण्याचं काम त्याचं नाही. त्याच्या हातचे जेमतेम डझनभर, बाकीचे गेम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरच्या ध्वनिविभागाने गेममधल्या तुकड्यांतून जुळवलेले. आणि ते तुकडे गेमसाठी आधीच दाबलेले होते. दाबलेल्यातून दऱ्या कोण परत आणणार? पुढे मे महिन्यात गेमच्या निर्मात्याने जाहीर पत्र लिहून अल्बमच्या उशिराचं खापर गॉर्डनवर फोडलं, २०२२ मध्ये गॉर्डनने लांबलचक उत्तर दिलं, कंपनीने ते फेटाळलं. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. ह्याच गेमच्या पुढच्या ‘द एन्शंट गॉड्स’ ह्या जोडभागाला संगीतकार दुसरेच होते, एवढं नक्की.

जुळवणाऱ्याला मी फार दोष देत नाही. शिळ्या भाताचा फोडणीचा भात होतो, बिर्याणी होत नाही. (तरी मात्रा मोजायला हव्या होत्या, त्याला माफी नाही.)

तुम्हाला ताडून बघायचं असेल तर ‘मीटहूक’ किंवा ‘कमांड अँड कंट्रोल’ लावा, हे दोन गॉर्डनने स्वतः मिक्स केलेले. गिटार थांबते तिथे खरोखर थांबते. मग त्याच अल्बममधला त्याने मिक्स न केलेला एखादा ट्रॅक लावा. आवाज मात्र आधी कमी करून ठेवा.