वाड्यामागचं छोटं दार

चिऊ,

फोनवर तू विचारलंस, "वाईच्या वाड्यात संडास परसाच्या पार टोकाला का? आणि त्याच्या मागच्या भिंतीत, बोळाकडे, जमिनीलगत एवढंसं दार कशाला?" घाईत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते.

लांब का, ते सोपं आहे. देवघर आणि स्वयंपाकघर सोवळ्यात, संडास ओवळ्यात. शिवाय वास. तिकडून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही. आजी तुलाही पाय धुवायला लावते, ते त्यातलंच, आणि ती सवय चांगली आहे.

दाराचं उत्तर मात्र मला जड जातं. तो टोपलीचा संडास होता. बसायची जागा चार पायऱ्या वर, खाली टोपली. सकाळी बोळातून एक बाई यायची, ते दार उघडून पत्र्याने मैला ओढून घ्यायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. पावसाळ्यात डोक्यावरची टोपली गळायची. पुढे त्याचं सोनखत व्हायचं, ते शेतात जायचं. त्या बाईने अंगणात पाऊल टाकू नये म्हणून दार मागे. हे काम ठरावीक जातींनीच पिढ्यान्‌पिढ्या करायचं, असं समाजाने ठरवून टाकलेलं. आपल्या घराचं सोवळं असं तिच्या डोक्यावर चालत होतं. वाड्यात याबद्दल कुणी बोलत नाही, पण तुला हे माहीत असायला हवं.

इथे लंडनमध्येही रात्री शौचकूप उपसणारी माणसं होती. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेत बसवेना, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याकडून शहराखाली मोठी गटारं बांधून घेतली. त्याआधी, १७७५ मध्ये, अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने वाकड्या नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं होतं. नळीच्या वाकात थोडं पाणी अडून राहतं आणि खालचा वास वर येत नाही. तेवढ्या पाण्यामुळे संडास घरात येऊ शकला. आपल्याकडे नुसती नळी पुरणार नव्हती. हे काम अमक्याचंच, हा समजही मोडायला हवा होता.

तो मोडायला निघालेल्यांत मला कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन फार मोठे वाटतात. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. जातीमुळे ते नाकारलं गेलं, म्हणून त्यांनी अन्नसत्याग्रह सुरू केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केलं. सुटल्यावरही अप्पासाहेब स्वतः मैला उचलत राहिले, त्याचं खत करायला लोकांना शिकवत राहिले. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी घालणारा कायदा मात्र १९९३ मध्ये आला, आणि २०१३ मध्ये पुन्हा नवा करावा लागला. गटारात उतरलेली माणसं आजही गुदमरून मरतात. म्हणून मी हे जुनी गोष्ट म्हणून सांगत नाहीये.

मामा तुम्हाला मालवणला नेणार आहे ना? वाटेत कणकवली लागेल. तिथे अप्पासाहेबांचा गोपुरी आश्रम आहे. मामाला म्हणावं, तासभर थांबू या. काय पाहिलंस ते मला लिही.

तुझी,
आई