पैसे नंतर, आधी काम विचार

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप वाचला. राज्याच्या संभाव्य खेळाडूंच्या यादीत नाव नाही. ईशान्येकडच्या एका संघटनेने प्रोफेशनल, म्हणजे मानधन देऊन बाहेरून आणलेला खेळाडू, म्हणून विचारलंय, पण दोन वर्षांपूर्वी तू जी रक्कम नाकारलीस तिच्या निम्मंही द्यायची तिची तयारी नाही. इकडे ठाण्यातली अकादमी मुख्य प्रशिक्षक करते म्हणते, अट एवढीच की खेळणं बंद. आणि शेवटी तू विचारतोस, "सर, मानाने थांबू, की कमीपणा घेऊन खेळू?"

या एका वाक्याने माझी झोप उडवली. पस्तिशीचा माणूस, चाळीसच्या वर रणजी सामने अंगावरून गेलेले, आणि अजून मान एका बाजूला नि खेळ दुसऱ्या बाजूला अशी वाटणी करतोस? ही वाटणी मी तुला शिकवलेली नाही.

तुला धीर देण्यात मी शाई घालवणार नाही. तू कसा खेळतोस ते तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. एकच गोष्ट सांगायची आहे आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: किती देता हे विचारू नकोस, काम काय देता ते विचार.

आधी पैशांचंच बघू, कारण तुझ्या डोक्यात तेच फिरतंय. २०२१ मध्ये क्रिकेट मंडळाने दर ठरवले, ते तुला पाठ असायला हवेत. चाळीसपेक्षा जास्त सामने खेळलेल्याला अंतिम अकरात असेल तर दिवसाला ६०,००० रुपये. चार दिवसांच्या सामन्याचे २,४०,०००. संघ मुंबई असो की प्लेट या खालच्या गटातला शेवटचा, मंडळाचा दर तोच. राखीव बसलास की निम्मे, म्हणजे ३०,०००. आता सांग, तुझं घसरलंय काय? संघटना वरून देते ते मानधन तेवढं. शिवाय कंपनीची नोकरी आहे, घराचा हप्ता पगारातून जातो. म्हणजे नुसता पैशाचा हिशेब केलास तरी खरा फरक अकरात असण्यात आणि बाकावर बसण्यात आहे. त्या सचिवांशी तू अर्धा तास मानधनावर बोललास आणि फलंदाजीला कुठल्या नंबरवर पाठवणार हे विचारलंच नाहीस. याचा मला राग आला, म्हणून हे पत्र.

तू विजय मर्चंटांचं नाव घेतलंस. लोक 'का जाताय' विचारतात तेव्हा जावं, 'का जात नाही' विचारेपर्यंत थांबू नये, असं त्यांच्या नावावर सांगतात. मैदानावरच्या प्रत्येक निवृत्त माणसाच्या तोंडी ते असतं. पण मर्चंट गेले कसे, ते कोणी सांगत नाही. १९५१ साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा केल्या, वय चाळीस. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि कसोटी कारकीर्द तिथे संपली. त्यांना त्यांच्या खांद्याने थांबवलं. कुठल्या यादीने नाही, कुठल्या सुविचाराने तर नाहीच. गावसकर १९८७ मध्ये बंगळूरला फिरत्या विकेटवर ९६ करून कसोटीतून गेले, ते खरं. दहा हजार धावा तेव्हा पदरात होत्या, त्यांचं कसोटीतलं काम पुरं झालं होतं. तुझं झालंय का? झालं असतं तर तू मला रात्री साडेअकराला लिहिलं नसतंस.

आता वसीम जाफरचं बघ. मुंबईसाठी डोंगराएवढ्या धावा केलेला माणूस २०१५ मध्ये विदर्भाकडे गेला. तेव्हा आमच्या मैदानावर लोक हळहळले, 'अरेरे, वसीमवर ही वेळ.' पुढे दुखापतीने एक अख्खा मोसम गेला. मग २०१७-१८ च्या मोसमात तो प्रोफेशनलचं मानधन न घेता विदर्भाकडून उभा राहिला. शून्य रुपये! पण तिसऱ्या नंबरची जागा त्याची, सलामीची जोडी फुटली की डाव उभा करायचं काम त्याचं, आणि कर्णधार फैज फझल. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांचा तो संघ १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये पहिल्यांदा रणजी जिंकला. दोन-अडीच महिन्यांनी इराणी करंडकात जाफरने २८६ केल्या, वय चाळीस. पुढच्या मोसमात हजाराच्या वर धावा आणि पुन्हा करंडक. तो मानाने थांबला असता, तर विदर्भाचं काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही, पण जाफरने काय गमावलं असतं ते सांगू शकतो. त्याने किती देता हे विचारलं नाही. काम विचारलं.

भाचा न्यू जर्सीत असतो, त्याच्यामुळे मला बेसबॉल बघायची सवय लागली. तिथे रिकी हेंडरसन नावाचा खेळाडू होऊन गेला, २०२४ च्या डिसेंबरात वारला. बेस चोरण्यात, म्हणजे गोलंदाजाची नजर चुकवून पुढचा तळ गाठण्यात, त्याच्या जवळपास कोणी नाही: १,४०६ चोऱ्या. २००३ मध्ये तो ४४ वर्षांचा होता आणि मेजर लीगमधला एकही संघ त्याला घेईना. तेव्हा तो नेवार्कच्या एका छोट्या स्वतंत्र संघात जाऊन खेळला, जिथे विशी-पंचविशीची पोरं वर जायची वाट बघत असतात. त्याच वर्षी जुलैत लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी त्याला बोलावलं. तिथलं संपल्यावर तो पुन्हा नेवार्कला गेला, मग सॅन डिएगोच्या आणखी एका लहान संघात. २००९ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेही पहिल्याच मतदानात. नेवार्कमुळे त्याचं एक मतही कमी झालं असेल असं मला वाटत नाही.

त्याहून तुला लागू पडेल असा अल्बर्ट पुजोल्स. दहा वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार, आणि तो संपत आला असताना २०२१ च्या मे महिन्यात संघाने मोकळं केलं. डॉजर्सनी घेतलं ते किमान पगारावर, आणि काम दिलं मोजकं: डावखुरा पिचर समोर असेल तेव्हा मारायचं. काम लहान होतं, पण खरं होतं. पुढच्या वर्षी सेंट लुईसने, त्याच्या जुन्या गावाने, २५ लाख डॉलरवर बोलावलं. त्या एका मोसमात बेचाळिशीतल्या माणसाने २४ होमरन, म्हणजे आपल्याकडच्या षटकारासारखे फटके, मारले आणि कारकिर्दीत ७०३ वर जाऊन थांबला. ७०० च्या पुढे गेलेले त्याच्याआधी तिघंच. २४ कोटींवरून २५ लाखांवर! त्याला कोणी विचारलं असेल का, की मानाने थांबणार की कमीपणा घेणार?

मी तुला हे कुठल्या तोंडाने सांगतो, असं तुला वाटेल. सांगतो तेही. छत्तिसाव्या वर्षी मला राज्याच्या संघातून काढलं. दुसऱ्या मोसमात एका संघाने मोठ्या सन्मानाने बोलावलं. मानधन चांगलं, स्वतंत्र खोली, स्टेशनवर न्यायला गाडी. आणि मोसमभर मला तंबूत बसवून ठेवलं. सराव सामन्यातसुद्धा चेंडू हातात आला नाही. त्यांना छापील यादीत माझं नाव हवं होतं, माझी फिरकी नको होती. रोज सकाळी मी एकटा एका स्टंपवर गोलंदाजी करायचो आणि रोज संध्याकाळी बूट कोरडे ठेवून खोलीवर जायचो. एवढे पैसे मला क्रिकेटने आधी कधी दिले नव्हते आणि एवढी लाज मला क्रिकेटमध्ये पुन्हा कधी वाटली नाही. कमीपणा काय असतो ते मला तिथे कळलं. तुला त्याची अजून ओळखच नाही, म्हणून तू तो शब्द इतका सहज वापरतोस.

त्यानंतर मी बँकेच्या संघात परतलो. टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या स्पर्धेत खालच्या गटात उतरलेला संघ, प्रवासभत्ता आणि जेवणाची थाळी. पण कर्णधाराने पहिल्याच दिवशी सांगितलं, एक बाजू तुमची, चहापर्यंत चेंडू मागायचा नाही मी. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची पावसाळी कांगा लीग, ओली विकेट, गुडघाभर गवत आणि चाळिशी उलटलेला मी. माझ्याबरोबर क्रीडा कोट्यातून लागलेल्यांनी बढतीच्या परीक्षा दिल्या. बढती म्हणजे मुंबईबाहेर बदली, आणि मुंबईबाहेर म्हणजे टाइम्स नाही, कांगा नाही. मी परीक्षेला बसलो नाही. ते शाखाधिकारी झाले, विभागीय झाले, मी काउंटरमागे राहिलो. तुझ्या काकूंना भांडुपच्या दोन खोल्यांत सगळा संसार करावा लागला, मुलीच्या शाळेतली एकही शनिवारची बैठक मी पाहिली नाही. हे मला टोचतं. आजही टोचतं, आणि काकू समोर असताना जास्त टोचतं. पण बदली घेऊन मी कोण झालो असतो? सहीचा शिक्का. डावखुऱ्या फिरकीचं जे काही मला कळलं ते मला अडतीस ते पंचेचाळीस या वर्षांत कळलं, जेव्हा कोणी बघत नव्हतं, लिहीत नव्हतं, निवडत नव्हतं. आज माझ्या नेट्समध्ये पोरं येतात ती त्या सात वर्षांसाठी येतात. माझे रणजीचे बळी किती हे त्यांना विचार, एकाला सांगता येणार नाही.

मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर, त्यांना तर तू पाहिलेलंही नाहीस. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, भारताची कॅप एकदाही नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाल्यावर १९८७-८८ मध्ये मुंबईला गरज पडली तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी ते पुन्हा उतरले. काम होतं म्हणून.

असो. माझं पुराण पुरे, तुझ्याकडे येतो.

२०१८-१९ पासून ईशान्येतले आणखी सहा संघ रणजीत आले. त्यांना प्रोफेशनल लागतो तो कशाला, ते नीट समजून घे. त्यांची पोरं हाताने चांगली आहेत, चेंडू जोरात मारतात. तीन बाद वीस झाल्यावर दोन सत्रं कशी काढायची हे त्यांनी जवळून बघितलेलं नसतं. ते तुला येतं. तेच तुझं काम होऊ शकतं, आणि ते मोठं काम आहे. पण ते तुला खरोखर देणार आहेत का? 'मुलांना तुमच्या अनुभवाचा फायदा होईल' हे वाक्य ऐकलंस की सावध हो, मला बोलावणारे हेच म्हणाले होते. तुला हवं ते स्पष्ट शब्दांत विचार. तिसऱ्या नंबरवर की पाचव्या? सगळे सामने की गरज पडेल तसे? विजय हजारेत, एकदिवसीय सामन्यांत, खेळवणार की नाही? पहिली स्लिप कोणाची? दोन डाव फुकट गेले तर तिसरा मिळेल का? याची सरळ उत्तरं आली तर निम्म्याच्या निम्म्यावर जा. गोलगोल आली तर दुप्पट दिले तरी जाऊ नकोस.

अकादमीची घाई कोणाला आहे, तेही बघ. तुला नाही. त्यांना तुझं नाव ताजं असताना फलकावर लावायचंय. प्रशिक्षक होणं कुठे पळून जात नाही. अमोल मुजुमदार. पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०, त्या वेळचा जागतिक विक्रम. भारताकडून एकही सामना नाही. मुंबईने वगळल्यावर तो आसामला गेला, मग आंध्रला, आणि २०१३-१४ च्या मोसमापर्यंत खेळत राहिला. मुंबईचा एवढा मोठा फलंदाज गुवाहाटीला कशाला जातो, असं तेव्हाही लोक म्हणाले. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक कोण होता, ते तुला सांगायला नको. तो उशिरापर्यंत खेळला म्हणून प्रशिक्षक व्हायचा राहिला नाही. उलट कमी नावाच्या ड्रेसिंग रूममध्ये काय काय शिकायला मिळतं ते तुला अकादमीत बसून कळणार नाही.

लोक काय म्हणतील, हे तू दोन ठिकाणी लिहिलंयस. मी त्याला उत्तर देणार नाही.

एका गोष्टीवर मात्र मी तुझ्या बाजूने बोलणार नाही. गुडघा. एमआरआयचा रिपोर्ट तू मला पाठवला नाहीस, त्याअर्थी त्यात काहीतरी आहे. रविवारी नेट्सला ये. मी तुला स्लिपमध्ये उभा करून पन्नास झेल देणार आहे, डावीकडे खाली जाणारे. चेंडू उशिरा दिसत असेल, खाली वाकताना हात आधी जमिनीला टेकत असेल, तर हे सगळं पत्र बाजूला ठेवून मी स्वतः सांगेन की बस कर. ते मला सांगता येतं, माझ्या बाबतीतही मला सांगता आलं होतं. अंगाने सांगितलं तर ऐकायचं. यादीने सांगितलं तर नाही, आकड्याने सांगितलं तर मुळीच नाही.

तोवर अकादमीला महिनाभर थांबा म्हण. नाही थांबले तर जाऊ देत. उद्या सकाळी त्या सचिवांना फोन कर आणि या वेळी मानधनाचा विषय तू काढू नकोस. नंबर विचार, सामने विचार, स्लिप विचार. ते काय म्हणाले ते शब्दाला शब्द मला लिहून पाठव. दुसऱ्या संघाकडून खेळायला आपल्या संघटनेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागतं, त्याचा अर्जही लिहून ठेव, तारीख तेवढी मोकळी सोड.

तुझा
सर