गुडविलला पागडी म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की चालू दुकान विकत घ्यायचंय, करार मराठीत करायचाय, तर गुडविलला (चालत्या धंद्याच्या नावापोटी मोजायची जादा किंमत) ख्याती लिहू, नावलौकिक लिहू की गुजराती भागीदार म्हणतोय तशी पागडी?

भागीदाराचं त्याच्या जागी बरोबरच आहे, गुजरातीत अकाउंटच्या पुस्तकातसुद्धा गुडविलला पाघडीच म्हणतात. पण आपल्याकडे, आणि मुंबईत तर विचारूच नका, पागडी म्हटली की भाड्याची जागा घेताना भाड्याशिवाय वेगळी मोजायची रक्कमच डोळ्यासमोर येते. 1947 च्या भाडे कायद्यात ती घेणं गुन्हा होता, मग 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 56 नं ती कायदेशीर झाली. म्हणजे उद्या भांडण लागलं तर पैसे जागेचे दिले की धंद्याचे यावरच तारखा पडत बसणार, कशाला ती कटकट.

राहिले ख्याती आणि नावलौकिक. कॉमर्सच्या मराठी पुस्तकांत ख्याती आहे, सीएलाही तो कळतो. मला स्वतःला तो फारसा पटत नाही, कारण हिशेबातलं गुडविल म्हणजे नुसतं नाव नव्हे, तो उरलेला आकडा असतो. धंद्याला मोजलेली एकूण किंमत घ्या, त्यातून सगळ्या मालमत्तेची आजची किंमत वजा देणी एवढं काढून टाका, जे उरतं ते गुडविल. आणि तेही विकत घेतलं तरच वहीत येतं, आजोबांपासून कमावलेलं स्वतःचं नाव बॅलन्स शीटमध्ये शून्य! हिंदुस्तान युनिलिव्हरचंच बघा, 1 एप्रिल 2020 पासून हॉर्लिक्सवाली जीएसके कन्झ्युमर त्यांच्यात विलीन झाली, तिच्या एका शेअरला यांचे 4.39 शेअर दिले. त्यात ब्रँडची किंमत वेगळी धरली आणि तरी वर 17 हजार कोटींहून जास्त गुडविल दाखवलं. नाव तर ब्रँडमध्ये मोजून झालं, मग ही उरलेली ख्याती नक्की कुणाची?

छोट्या दुकानात एवढं कुणी करत नाही, तिथे सरासरी नफा गुणिले ठरलेली वर्षं, 4 लाख नफा आणि 3 वर्षं धरली की 12 लाख, झालं.

तर करारात सरळ "गुडविल म्हणजेच व्यवसायाची ख्याती" असं एकदा लिहा आणि पुढे सगळीकडे गुडविलच ठेवा. नावलौकिक भाषणात छान वाटतो, कलमात नको. बुक व्हॅल्यूचंही, म्हणजे हिशेबाच्या वहीत मालमत्तेची जी किंमत दिसते तिचंही विचारलंय, पुस्तकी किंमत लिहा, सगळे तेच म्हणतात.

आणि हो, गुडविल विकलं हे स्पष्ट लिहाच, कारण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे विकणाऱ्यानं त्याच भागात तसाच धंदा काढू नये ही अट गुडविल विकलं असेल तरच घालता येते, तीही हद्द वाजवी असेल तर. नुसती पागडी लिहिलीत आणि तो समोरच्या गाळ्यात नवी पाटी लावून बसला तर अडवणं अवघड जाईल, तेव्हा मसुदा वकिलाला दाखवूनच सही करा.