अलिबागचा जपानी केक: तिथे काय खावं आणि रत्नागिरीला काय न्यावं

ताई, तुमचे तीन प्रश्न आहेत: नागावच्या वाटेवरच्या त्या छोट्या जपानी पद्धतीच्या केकच्या दुकानात मुद्दाम जावं का, 'तिथला केक गोडच नसतो' ही तक्रार खरी का, आणि आईंच्या पंचाहत्तरीला तिथला केक रत्नागिरीपर्यंत नेता येईल का. मी अलिबागचीच. घरून केकच्या ऑर्डरी घेते आणि त्या दुकानात नेहमी जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जा, नक्की जा. फक्त क्रीमचा केक तिथेच पडवीत बसून खा, बांधून घेऊ नका.

गोडाची तक्रार आधी घेते. आपल्याकडच्या बहुतेक बेकऱ्या केकवर जे 'व्हिप' लावतात ते वनस्पती तेलाचं असतं आणि डब्यातून येतं तेव्हाच गोड असतं. उकाड्यात ते बऱ्यापैकी तग धरतं, कारण त्यातली चरबी लवकर वितळत नाही. पण त्याच कारणाने खाल्ल्यावर टाळूला थर बसतो. जपानी पद्धतीच्या केकला दुधाचं क्रीम लागतं, ३५ टक्के किंवा त्याहून जास्त स्निग्धांशाचं, आणि शंभर ग्रॅमला साखर जेमतेम सात-आठ ग्रॅम. दुधातली चरबी अंगाच्या उबेलाच वितळते, त्यामुळे घास जिभेवर ठेवला की क्रीम नाहीसं होतं आणि मागे दुधाची चव राहते. जपानात 'फार गोड नाही' ही केकला मिळणारी शाबासकी आहे. आपल्या जिभेला त्या गोड व्हिपची सवय, म्हणून पहिला घास फिका वाटतो. दोन-तीन घास होऊ द्या. आणि सोबत साखरेचा दुधाळ चहा घेऊ नका, त्याच्यापुढे हा केक खरंच फिका पडतो. कोरा चहा घ्या.

सुरुवात शॉर्टकेकने करा. नुसता स्पाँज, क्रीम आणि स्ट्रॉबेरी. जपानमध्ये हा वाढदिवसाचा आणि नाताळचा केक. योकोहामात १९१० साली सुरू झालेल्या फुजिया या दुकानाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. यात लपायला काही जागाच नसते, म्हणून दुकान कसं आहे ते मी यावरून ठरवते. स्पाँज ओलसर हवा पण चिकट नको, चमच्याने दाबला की परत वर यायला हवा. हा स्पाँज अख्खी अंडी आणि साखर कोमट करून फेटतात, त्या हवेवर फुलतो. त्यामुळे 'बिनअंड्याचा करून द्या' म्हणून तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही. अंडं काढलं की तो केकच राहत नाही. घरात अंडं न खाणारी माणसं असतील तर त्यांच्यासाठी जेली घ्या, पण ती चायना ग्रासची आहे की जिलेटिनची ते विचारा, कारण जिलेटिन प्राण्यांपासून बनतं. न भाजलेल्या चीजकेकमध्ये आणि मूसमध्येही बऱ्याचदा जिलेटिन असतं.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च. एप्रिल-मेमध्ये तिच्या जागी हापूस असतो, आणि मला तो जास्त आवडतो. स्ट्रॉबेरीचा आंबटपणा नसतो हे खरं, पण हापूसचा वास त्या कमी गोड क्रीममध्ये जसा उठून येतो तसा आंब्याच्या कुठल्याच बेकरी-केकमध्ये मला आलेला नाही.

माच्याचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीचा, रोल सगळ्यात शेवटी खा. त्याचा कडवटपणा जिभेवर राहतो, मग पुढच्या केकची चव कळत नाही. रंग टवटवीत हिरवा हवा. मळकट पिवळसर दिसला तर पूड जुनी आहे असं समजा. शू क्रीम म्हणजे पोकळ कवचात क्रीम भरलेला पफ; तो आधीच भरून ठेवलेला असेल तर घेऊ नका. आपल्या दमट हवेत त्याचं कवच बघता बघता मऊ पडतं, मागितल्यावर भरून देत असतील तरच मजा. सुफ्ले चीजकेक कोमट असताना हलका लागतो, थंड झाल्यावर दाट. माझ्या सासूबाईंना थंडच आवडतो. वरून थोडा बसलेला दिसला तर बिघडलाय असं समजू नका, अंड्याच्या फेटलेल्या पांढऱ्यावर फुललेला केक गार होताना थोडा बसतोच.

आता रत्नागिरी. क्रीमचा केक नाही पोचणार. बर्फाच्या थैल्या घातल्या तरी वडखळपर्यंत ठीक, पुढे दिवसभराच्या रस्त्यात तो ओघळेल. जपानात दुकानदार 'घरी पोचायला किती वेळ लागेल' हे विचारून त्या हिशेबाने थैल्या घालतात; इथेही विचारतात, तेव्हा खरं सांगा.

त्याऐवजी कास्तेला न्या, म्हणजे बिनक्रीमचा साधा स्पाँज केक. अंडी, साखर, मैदा आणि थोडा पाक किंवा मध, बस. लोणी नाही, बेकिंग पावडर नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ही कृती जपानला गेली आणि नागासाकीत रुजली. तेच पोर्तुगीज त्या काळात आपल्या चौल-रेवदंड्यालाही होते, कोर्लईत आजही त्यांच्या भाषेतून आलेली बोली बोलतात. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला गेला तोही गोव्याहूनच निघून. त्यामुळे या किनाऱ्यावर बसून कास्तेला खाताना मला तो अजिबात परका वाटत नाही. तुमच्या कामाची गोष्ट ही, की तो भाजल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, ओल आतून सारखी पसरते. न कापता, घट्ट गुंडाळलेला घ्या. उन्हाळ्यात दोन दिवसांत संपवा. पावसाळ्यात बुरशीची भीती असते, पोचल्यावर फ्रिजमध्ये ठेवा.

आईंना क्रीमचाच केक हवा असेल तर क्रीम रत्नागिरीत फेटा. २५ टक्केवालं साधं फ्रेश क्रीम नीट फुलत नाही, पाकिटावर निदान ३० टक्के बघून घ्या, ३५ मिळालं तर उत्तम. भांडं आणि काटे आधी फ्रिजमध्ये गार करा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटा आणि क्रीमचं टोक उभं राहून हलकं वाकायला लागलं की थांबा, पुढे गेलात तर लोणी सुटतं. कास्तेलाचे आडवे दोन थर करा, मध्ये आणि वर क्रीम लावा. हापूसच्या फोडी कापडावर टिपून मगच वर ठेवा, नाहीतर रस सुटून क्रीम घसरतं. हे सगळं पाहुणे आल्यावरच करा, आधी नको.