जबडा असलेले पहिले मासे शार्कसारखे होते का?

तुमचा प्रश्न असा, की जबडा असलेल्या आजच्या सगळ्या प्राण्यांचा मूळ पूर्वज शार्कसारखा होता का. २०१३ च्या आधी बहुतेकांनी ‘हो’ म्हटलं असतं. मी ‘नाही’ म्हणेन, आणि त्याला कारण आहे वीतभर लांबीचा एक मासा, एंटेलोग्नाथस.

चीनच्या युन्नान प्रांतात, छुचिंगजवळच्या सुमारे ४१.९ कोटी वर्षं जुन्या खडकांत तो सापडला. झू मिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगानं तो प्लॅकोडर्म, म्हणजे डोकं आणि धडाचा पुढचा भाग जाड हाडांच्या कवचात बंद असलेला मासा. बारीक डोळेसुद्धा हाडाच्या कड्यात घट्ट बसवलेले. अशा माशांच्या तोंडात एरवी हाडांची साधी पाती असतात. याच्या जबड्याच्या कडेला मात्र वर प्रीमॅक्सिला व मॅक्सिला आणि खाली डेंटरी, अशी वेगवेगळी हाडं आहेत. बाजारातून आणलेल्या बांगड्याचं तोंड उघडलंत तर हीच हाडं दिसतील. माणसाचा खालचा अख्खा जबडा म्हणजेही डेंटरीच.

आधीचा समज असा होता की प्लॅकोडर्मांची हाडं पुढे नाहीशी झाली, शार्क आणि हाडांचे मासे यांचा सामाईक पूर्वज शार्कसारखा, हाडांऐवजी लवचीक कूर्चेचा झाला आणि पुढे हाडांच्या माशांनी सगळं नव्यानं घडवलं. एंटेलोग्नाथसनं हे उलटं केलं. हाडं आधीपासून होती. गमावली ती शार्कच्या पूर्वजांनी. आपल्याकडे मोरी खाणाऱ्यांना माहीत असतं, तिच्यात काटे नसतात, असते ती नुसती कूर्चा. ती जुनी ठेवण नाही, नंतर झालेला बदल आहे. म्हणूनच शार्कला सरसकट ‘आदिम’ म्हटलेलं मला खटकतं.

शंका घेणारे म्हणाले, ही हाडं दोनदा स्वतंत्रपणे उपजली नसतील कशावरून? २०१६ मध्ये त्याच भागातून किलिन्यू हा आणखी एक प्लॅकोडर्म पुढे आला. त्याचा जबडा साधी पाती आणि एंटेलोग्नाथसची हाडं यांच्या मधला आहे, त्यामुळे मला तरी ती शंका टिकणारी वाटत नाही.

फक्त एंटेलोग्नाथसला आपला थेट पूर्वज समजू नका. त्याच थरांतून गुयू हा पुरता हाडांचा मासाही मिळाला आहे, म्हणजे शार्क आणि हाडांचे मासे यांच्या वाटा त्याआधीच वेगळ्या झाल्या होत्या.