वाचकांचे प्रश्न: पिंजऱ्यातला पैलवान, दमानं की धडाक्यानं?

प्रश्न: भाऊ आठ वर्षं तालमीत घुमला, आधी मातीत, मग गादीवर. आता एमएमए, म्हणजे पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती अशी मिश्र झुंज, खेळतो. पहिल्या फेरीत नुसता अंगावर जातो आणि दुसरीत त्याचे हात खाली येतात. कोच म्हणतात दमानं घे. तालमीतली पोरं म्हणतात पैलवानानं मागं सरायचं नसतं. कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर: कोचचं. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची, म्हणजे सहा मिनिटांत खेळ खलास. व्यावसायिक एमएमएत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, किताबासाठी पाच, आणि मधे विसावा एकच मिनिट. सहा मिनिटांच्या हिशेबानं दम खर्च केला तर दुसऱ्या फेरीत हात पडणारच.

हात पडण्याचं आणखी एक कारण कोपराखाली असतं. पैलवानाला पकड घट्ट धरायची सवय. जाळीशी झोंबताना तो मूठ आवळून श्वास कोंडून धरतो, कोपराखालचे स्नायू भरून येतात आणि मग ठोसा टाकायला हात उचलत नाही. मूठ फक्त ठोसा लागतानाच आवळायची. प्रत्येक ठोशाबरोबर श्वास सोडायचा. झोंबीत ढकलण्याचं काम पायांना आणि कंबरेला द्यायचं.

सरावासाठी पाच मिनिटं बॅग घ्या. ४० सेकंद सैल जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पायांची हालचाल, २० सेकंद पूर्ण जोर, असं पाच वेळा. मग एक मिनिट विसावा. अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. जोराच्या २० सेकंदांतले ठोसे कुणीतरी मोजावेत. तिसऱ्या फेरीत आकडा पहिलीच्या पाऊणपटीखाली गेला, तर पहिल्या फेरीचा वेग जास्त होता असं समजा.

एमएमए लढवय्या फ्रान्सिस न्गानूच्या दोन लढती भावाला शेजारी-शेजारी लावून दाखवा. जानेवारी २०१८ मध्ये स्टिपे मिओचिचवर तो सुरुवातीलाच तुटून पडला, पहिल्या फेरीतच दमला आणि पाचही फेऱ्या खेळून गुणांवर हरला. मार्च २०२१ मध्ये प्रतिस्पर्धी तोच. या वेळी न्गानूनं थांबून अंतर मोजलं, मिओचिचनं पट काढायचा (पाय धरून पाडायचा) प्रयत्न केला तो रोखला आणि दुसऱ्या फेरीत त्याला झोपवलं. ताकद दोन्ही वेळा तेवढीच होती.

प्रश्न: पुढं चाल करून जाणाऱ्यालाच पंच गुण देतात ना? मग सावध खेळून फायदा काय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: हा गैरसमज फार पसरलेला आहे. पंच आधी परिणामकारक मारा आणि परिणामकारक झोंबी पाहतात. त्यात दोघे अगदी समसमान ठरले तरच आक्रमकतेचा विचार होतो, आणि पिंजऱ्यावरचा ताबा त्याच्याही नंतर. जॅब खात पुढं चालणारा फेरी ९-१० अशी गमावतो. मात्र लढायचंच टाळणं हाही नियमभंग आहे, पिंजऱ्यातला पंच त्यासाठी ताकीद देऊ शकतो. मार्च २०२० मध्ये इस्राएल अडेसान्या आणि योएल रोमेरो पाच फेऱ्या एकमेकांची वाट पाहत राहिले. प्रेक्षक ओरडले, पण गुणांवर किताब अडेसान्याकडेच राहिला.

प्रश्न: कुस्तीत जे सावध, ते इथंही सावध असतं का?
– एक पैलवान, कागल

उत्तर: नाही, आणि हे आपल्याकडच्या प्रत्येक पोरानं पिंजऱ्यात उतरण्याआधी शिकायला हवं. कुस्तीत पाठ टेकू नये म्हणून आपण पालथं पडतो आणि कोपरं आवळून डाव टाळतो. पिंजऱ्यात तीच सगळ्यात धोक्याची जागा. प्रतिस्पर्धी पाठीवर बसतो, पाय आत घालतो, हात गळ्याखाली सरकवतो. खाली गेलातच तर एका कुशीवर व्हा, हात त्याच्या कमरेशी अडवा आणि जाळीच्या आधारानं उठा. त्याला पाठ द्यायची नाही.

दुसरी सवय लांबून पट काढण्याची. डोकं खाली घालून शिरलात तर गुडघा तोंडावर येतो किंवा मान काखेत सापडते. नुसतं झेपावणं किती महागात पडतं ते जोसे आल्डोला डिसेंबर २०१५ मध्ये कळलं. कॉनर मॅकग्रेगरच्या डाव्या ठोशानं त्याची लढत १३ सेकंदांत संपली. म्हणून आधी जॅब टाका. समोरच्याचे हात वर गेले की मगच शिरा. नजर वर, पाठ सरळ, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला.

मान सापडलीच तर मागं ओढू नका, फास आणखी आवळतो. हनुवटी आत घ्या. एका हातानं त्याचं मनगट खाली खेचा, दुसरा हात त्याच्या खांद्यावरून पाठीवर टाका. तो तुम्हाला घेऊन खाली बसला, तर डोकं ज्या बाजूला अडकलंय त्याच्या उलट बाजूला चालत जा आणि खांद्याचा भार त्याच्या गळ्यावर द्या. हे सरावात जोडीदाराबरोबर हळू करा. त्यानं हार मानल्याची थाप मारली की त्याच क्षणी सोडा.