ऑइल पेंटमध्ये डोंगर रंगवायला कसं शिकू? रंगांचा चिखल होतो, आणि बीडजवळ रंगवण्यासारखे डोंगरही नाहीत.

शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. मांजरसुंब्याच्या घाटात बसून केलेलं माझं चित्र बघून आमचे कलाशिक्षक म्हणाले होते, "याला टोक कुठंय? हा डोंगर नाही, बांध आहे." वर हिमालयाचं कॅलेंडर पुढ्यात टाकलं, हे उतरव म्हणाले. मी उतरवलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही.

बीडजवळच्या या बालाघाट डोंगररांगेला टोक नाही, कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा सगळा दगड झालाय. वर सपाट माथा, खाली काळ्या कातळाची उभी पट्टी, मग गवताचा उतार, परत कातळ. या पायऱ्या नीट हेरल्या की अर्धं चित्र झालंच. मे महिन्यात ऊन कलल्यावर जा. गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि कातळाची सावली काळी नाही, जांभळट दिसते. म्हणून ट्यूबमधला काळा घेऊच नका. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, मिसळा. निळा जास्त झाला की सावली, सिएना जास्त झाला की उन्हातला खडक. गवताला यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, आणि पांढरा. मागच्या रांगेला त्याच मिश्रणात पांढरा वाढवा, कड पुसट ठेवा. व्हिडिओत लांबचे डोंगर निळेशार असतात, पण आपल्याकडं उन्हाळ्यात हवेत धूळ असते, त्या निळ्यात जरासा ऑकर लागतोच. कॅलेंडर उतरवून हे कसं कळणार होतं?

चिखल होतो तो ओल्या रंगावर ब्रश घोळवत बसल्यामुळं. पहिला थर टर्पेंटाइननं पातळ करून लावा, वाळू द्या, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्या. उलटं केलंत तर पुढं तडे जातात. तेल चित्रकलेच्या दुकानातलंच घ्या, घाण्यावरचं नको.

हिमालयाशी माझं वैर नाही. रंगवायचाच असेल तर तिथं जाऊन, समोर बसून रंगवा.

एक राहिलंच: खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्यावर एकेक सुटी पसरून वाळवा, मगच टाका.